दमयंतीची निवड : अद्भुत प्रेमकथेचा आपला वारसा

अद्भुत प्रेमकथा लिहिण्याची हौस आमच्या सीमाभागातील तरुणांत अलीकडे बरीच दिसते. हट्ट्यासारख्या गावी शाळेत हिंदी, घरी मराठी किंवा पोवारी अशा दोन-तीन बोलींत वाढलेली मुले हस्तलिखितासाठी माझ्याकडे कथा आणतात. नायिका बहुधा गावातल्या जुन्या दगडी बावडीच्या पायऱ्यांवर भेटते, तिची सावली पडत नाही आणि बाहेरगावाहून आलेला नायक तिच्यावर भाळतो. 2005 साली निघालेल्या 'ट्वायलाइट' या इंग्रजी कादंबरीची व तिच्यावरील चित्रपटांची छाया त्यांवर उघड दिसते. कल्पनेला माझी हरकत नाही. परंतु ज्या भूमीत बसून आपण हे लिहितो, तिने हा विषय फार पूर्वी हाताळला आहे आणि तिचा कौल निराळा आहे, हे इतिहासाचा शिक्षक म्हणून सांगावेसे वाटते.

दमयंती ही आपल्या विदर्भाची राजकन्या. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी तिची कथा युधिष्ठिराला सांगतात. स्वयंवरमंडपात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघेही नलाचे रूप घेऊन बसले. समोर पाच नल! तिने सत्याची शपथ घालून देवांनाच विनवले, तेव्हा त्यांनी आपली लक्षणे प्रकट केली. देवांना घाम नव्हता, पापणी लवत नव्हती, गळ्यातली फुले ताजी होती, पाय भूमीला टेकत नव्हते. खऱ्या नलाची मात्र सावली पडली होती, माळ कोमेजली होती, अंगावर धूळ आणि घाम होता. दमयंतीने माळ घातली ती या धुळीने माखलेल्या माणसाला. 'ट्वायलाइट' मालिकेत शेवटी नायिकाच अमर होते. आमची विदर्भकन्या अमरत्व समोर चालून आले असता ते नाकारते. दोन कथांत फरक आहे तो येथे.

ऋग्वेदातही हाच सूर आहे. दहाव्या मंडलातील 95व्या सूक्तात पुरूरवा उर्वशीची आर्जवे करतो, पण ती परतत नाही. शतपथ ब्राह्मणात या ताटातुटीचे कारण येते : तिने घातलेली अट मोडली. राजा आपल्याला विवस्त्र दिसू नये, ही ती अट. गंधर्वांनी विजेचा लखलखाट करून ती मोडायला लावली. शंतनूनेही गंगेला वचन दिले होते की, ती काहीही करो, आपण तिला अडवणार नाही. ते मोडताच ती निघून गेली. आपल्या परंपरेत अद्भुत प्रेयसी फुकट लाभत नाही. ती अट घालते, आणि अटीखाली माणसाचा कस लागतो. अट काढून टाकली की उरतो तो केवळ देखावा.

या प्रकाराचा मोठा ग्रंथही गोदाकाठच्या पैठणशी जोडलेला आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचलेल्या 'कथासरित्सागरा'त ती आख्यायिका येते. सातवाहन राजाच्या पदरी असलेला गुणाढ्य पैजेत हरला आणि संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडून बसला. मग त्याने विंध्याच्या रानात पिशाचांची भाषा शिकून सात लक्ष श्लोकांची कथा स्वतःच्या रक्ताने लिहिली. पैशाची भाषा आणि रक्ताची शाई म्हणून राजाने ती झिडकारली. तेव्हा गुणाढ्य एकेक पान रानातल्या पशूंना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. पशू चरणे विसरून ऐकत राहिले. राजा धावत आला तोवर सहा लक्ष श्लोक जळाले होते. उरला तो एक लक्षाचा भाग नरवाहनदत्ताचा, म्हणजे मनुष्य राजपुत्र आणि विद्याधरी यांच्या प्रेमाचा. दरबाराने हलकी मानलेली रानाची भाषाच ही कथा वाचवून गेली, असा त्याचा अर्थ मी घेतो.

आमच्या रानाचे गुणाढ्य म्हणजे परधान. तीन तारांचा बाना वाजवून गोंडांच्या राजवंशांच्या व देवांच्या कथा गाणे हा त्यांचा वंशपरंपरेचा व्यवसाय. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात एकत्र आलेले व्हेरिअर एल्विन आणि शामराव हिवाळे हे दोघे 1932 साली तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे येऊन राहिले. दोघांनी मिळून मैकल डोंगरांतील गीतांचा संग्रह 1944 साली काढला. त्याच वर्षी एल्विन यांचा महाकोशलच्या लोककथांचा ग्रंथ आला, आणि 1946 साली हिवाळे यांनी परधानांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ही सारी पुस्तके इंग्रजीत आहेत. आमची मुले ती वाचत नाहीत, आणि बाना ऐकायलाही कोणी बसत नाही.

आता मुख्य मुद्दा. एल्विन यांची 1938 सालची एक कादंबरी गावातील चेटकाच्या संशयाभोवती फिरते. हा संशय आमच्या भागात केवळ कथेतला नाही. एखाद्या एकट्या विधवेला 'टोनही' ठरवून छळणे इतके खरे आहे की, शेजारच्या छत्तीसगडला त्यासाठी 2005 साली खास कायदा करावा लागला आणि महाराष्ट्राने 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा केला. म्हणून बावडीवरच्या आपल्या मोहिनीला कोणी 'टोनही' म्हटले, तर ते नाव गावातल्या कोणा जिवंत बाईच्या दारावर जाऊन चिकटते, हे लेखकाने विसरू नये. उर्वशीला स्वतःचे बोलणे होते, दमयंतीला स्वतःची निवड होती. या नायिकेलाही आधी बोलू द्यावे, तिची अट ऐकावी.

तरुणांनी अद्भुत अवश्य लिहावे. मात्र त्याआधी एखाद्या परधानाच्या अंगणात बसावे, त्याची बिदागी द्यावी, आपल्या कथेत त्याचे ऋण मोकळेपणाने मांडावे. गुणाढ्याचे सहा लक्ष श्लोक राजाच्या उशिरामुळे गेले. आमच्याकडे उरलेले पान अजून कोणाच्या तरी कंठात आहे, तोवर उशीर झाला असे म्हणता येणार नाही.