तुळशीची ओळख आणि तुळशीचा गुण

न्यायालयात वस्तूची ओळख पटणे निराळे आणि तिचा दर्जा सिद्ध होणे निराळे. आम्हां वकिलांस हा भेद नित्याचा आहे. परंतु जिची आपण रोज पूजा करतो त्या वनस्पतीच्या बाबतीत मात्र तो सहसा ध्यानी येत नाही. १९५४ साली पोर्तुगीज अंमलातून सुटलेल्या सिल्वासात पुढे कारखान्यांमागून नाना प्रांतांची माणसे आली. येथल्या वृंदावनांत कोठे हिरव्या पानांची श्वेत तुळस दिसते, कोठे जांभळट कृष्ण तुळस. देवाला दोन्ही प्रिय. पण वैद्याला दोन्ही सारख्याच काय?

हा प्रश्न जुना आहे. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी ‘भावप्रकाशा’त श्वेत व कृष्ण तुळशी गुणाने समान, असा निर्वाळा दिला. युरोपात लिनियसने १७५३ साली या वनस्पतीस ‘ओसिमम टेन्युइफ्लोरम’ म्हटले आणि १७६७ साली ‘ओसिमम सँक्टम’ या नावाने तिचीच पुन्हा नोंद केली. एकाच पक्षकाराची दोन नावे झाली, असे म्हणावयाचे! आज पहिले नाव ग्राह्य धरतात. जात एकच ठरली आहे.

वनस्पतीची ओळख जाणत्या साक्षीदारांवाचून पटत नाही, हे डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने जाणले होते. त्याच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ ग्रंथासाठी कोचीच्या रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या वैद्यांनी १६७५ साली नागरी लिपीत कोकणी दाखला लिहून दिला. १६७८ च्या पहिल्या खंडात तो छापला गेला. असा दाखला मोलाचा खरा. परंतु अमुक अंगणातील रोपात अमुक द्रव्य किती, हे त्यावरून कळत नाही.

ते काम रसायनशास्त्राने केले. तुळशीच्या तेलात कोठे लवंगेच्या वासाचे युजेनॉल प्रधान असते, कोठे मिथाइल युजेनॉल, तर कोठे कॅरिओफिलीन. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करणारे विकर ज्या रोपात जोमदार, तेथे दुसरे वाढते. हा भेद बीजातून येतो. त्यात जमीन, ऊन, पाऊस आणि मंजिरीची अवस्था यांची भर पडते. केवळ पानाच्या रंगावरून निकाल देता येत नाही. म्हणजे रंगापुरता भावमिश्रांचा निर्वाळा एका अर्थी टिकतो. पण म्हणून सर्व तुळशी सारख्या ठरत नाहीत. चरकसंहितेने तर जांगल, आनूप व साधारण असे भूमीचे भेद सांगून, पाने वर्षा-वसंतात आणि मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात घ्यावीत, असा काळाचाही नियम घातला आहे.

हा नुसता पंडिती वाद नव्हे. मिथाइल युजेनॉल मनुष्यास बहुधा कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०२३ साली ठरविले. तो निर्णय त्या द्रव्याविषयी आहे. त्यावरून तीर्थातल्या पानास दोष देणे योग्य नव्हे. मात्र तेल काढून विकणाऱ्यास आपल्या मालात काय आहे हे ठाऊक असलेच पाहिजे. १९४० च्या औषधविषयक कायद्यात १९६४ साली दुरुस्ती होऊन आयुर्वेदीय औषधेही त्याच्या कक्षेत आली. बाटलीवर ‘तुळस’ एवढेच लिहिल्याने ओळख सांगितली जाते, दर्जा नव्हे. भूमी, तोडणीचा काळ आणि तेलाची परीक्षा यांची नोंद ठेवणे, हे आमच्या मते चरकाचेच अनुसरण होय.

वृंदावनातील तुळशीस दाखल्याची गरज नाही. तेथे श्रद्धा पुरेशी आहे. औषधाच्या बाटलीस मात्र पुरावा हवा, कारण तेथे रोग्याचा जीव पणाला लागलेला असतो.