रूट कॅनल पुनरुपचार

एकदा रूट कॅनल होऊनही दुखणाऱ्या, सुजणाऱ्या किंवा हिरडीवर पुळी येऊन पू झरणाऱ्या दाताची मूलनलिका पुन्हा उघडून, साफ करून नव्याने भरण्याचा उपचार. पुष्कळदा दुखत काहीच नसते. शेजारच्या दातासाठी काढलेल्या एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसतो, तेव्हा ही भानगड कळते.

मूळ कारण जंतुसंसर्ग. काकेहाशी व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये जंतुविरहित उंदरांवरील प्रयोगातून दंतमज्जेच्या विकारातील जंतूंचा वाटा दाखवला. जुन्या भरणाच्या आड ‘एंटेरोकॉकस फीकॅलिस’ हा चिवट जंतू वारंवार सापडतो. वरच्या पहिल्या दाढेच्या गालाकडील पुढच्या मुळात बहुधा दुसरी, अतिशय बारीक नलिका असते. ती हुकली की संसर्ग उरतो. दुखायचे थांबले म्हणून दातावर कॅप बसवायला रुग्ण फिरकतच नाही, आणि लाळ आत झिरपते, हेही नेहमीचेच.

पुनरुपचारात नलिकेतील गटापर्चा हा झाडाच्या चिकापासूनचा भरणपदार्थ उष्णतेने वा द्रावकाने मऊ करून फाइलने खरवडतात, सोडियम हायपोक्लोराइटने नलिका धुतात. सूक्ष्मदर्शक असल्यास सुटलेली नलिका सापडण्याची शक्यता वाढते. नलिकेतून वाट मिळत नसेल, तर हिरडीकडून मुळाचे टोक कापतात. मुळाला उभी चीर गेली असल्यास दात सहसा काढावाच लागतो.

या उपचारासाठी जासई (ता. उरण, जि. रायगड) परिसराला कामोठे, खारघर व सीबीडी बेलापूर येथील दंत महाविद्यालये जवळची; मुंबईतील नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ पासूनचे.