पिवळ्या वायूची ओळख

नांदेडला गोदावरीचे पाणी, लातूरला मांजरेचे. ब्लीचिंग पावडरीचा वास मात्र दोन्हीकडच्या घागरींना ओळखीचा. पण वाचकहो, नुसत्या रंगावासावरून पदार्थ ओळखू गेलो, की फसगत ठरलेली. मोठमोठे फसले, तिथे तुमची-आमची काय कथा!

१८११ साली हंफ्री डेव्ही यांनी पोटॅशियम क्लोरेटवर हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले. क्लोरीनहून गडद पिवळा वायू निघाला. नवा वायू म्हणून त्यांनी त्याचे ‘युक्लोरीन’ असे बारसेही करून टाकले. १८१५ मध्ये त्यांनीच गंधकाम्ल घेऊन पाहिले, तेव्हा हाती आला क्लोरीन डायऑक्साइड. युक्लोरीन म्हणजे हाच वायू आणि क्लोरीन यांची भेसळ, हे पुढे उघड झाले.

मोठा तऱ्हेवाईक वायू हा! सुमारे ११ अंश सेल्सिअसला त्याचा तांबूस द्रव होतो. दाट झाला तर स्फोट. म्हणून सिलिंडरात भरून नेण्याची सोय नाही, लागेल तिथेच तयार करायचा. पाण्यात तो क्लोरीनसारखा संयोग न करता नुसता विरघळून राहतो. १९४४ मध्ये नायगारा फॉल्स गावी पिण्याच्या पाण्याची फिनॉलची चव घालवायला तो वापरला गेला.

मग दोघांत फरक कसा करायचा? डीपीडीचा गुलाबी रंग दोघेही देतात. आधी ग्लायसीन घालावे. मोकळा क्लोरीन त्यात अडकतो, हा सुटा राहतो. त्यानंतर जो गुलाबी रंग येईल, तो याचा.