यू वृक्षाची साल आणि अंडाशयाचा कर्करोग

स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया, किरणोपचार व केमोथेरपी यांच्या जोडीला वनौषधी, योग, ॲक्युपंक्चर इत्यादींचा अवलंब करण्यास एकात्मिक उपचारपद्धती म्हटले जाते. या चर्चेत वनस्पती आणि केमोथेरपी ही परस्परविरोधी टोके मानण्याचा प्रघात आहे. अंडाशयाच्या कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल या औषधाचा इतिहास मात्र निराळेच चित्र दाखवितो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने कृषी खात्याच्या साह्याने वनस्पतींची चाचपणी हाती घेतली होती. त्या उपक्रमात १९६२ मध्ये आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातील अरण्यातून पॅसिफिक यू वृक्षाची साल गोळा केली. रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमधील मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनी तीतून क्रियाशील द्रव्य वेगळे करून १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. वाणी हे मूळचे नंदुरबारचे व मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी होत. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. १९७९ मध्ये सुसान हॉर्विट्झ यांनी या द्रव्याची क्रिया उलगडली. पेशीतील सूक्ष्मनलिकांचे विघटन ते होऊ देत नाही, परिणामी पेशीविभाजन खुंटते.

तरीही रुग्णांपर्यंतची वाट बिकट होती. द्रव्य पाण्यात विरघळत नसे, ज्या माध्यमात ते द्यावे लागे त्याने तीव्र ॲलर्जी होई, आणि साल सोलली की झाड मरे. अखेर १९८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील चाचणीत, आधीच्या उपचारांनंतर रोग उलटलेल्या ४० स्त्रियांपैकी १२ जणींच्या गाठी आकसल्या. १९९२ मध्ये औषधास मान्यता मिळाली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिस्प्लॅटिनच्या जोडीला जुन्या औषधाऐवजी पॅक्लिटॅक्सेल दिल्यावर मध्यक जीवनकाल २४ महिन्यांवरून ३८ महिन्यांवर गेला.

हिमालयातील यू, म्हणजे थुनेर, भारतीय वैद्यकास अपरिचित नव्हता. काही प्रांतांत त्याची पाने तालीसपत्र म्हणून विकली जातात, जरी तालीसपत्र हा बहुतेक अभ्यासकांच्या मते वेगळाच वृक्ष आहे. तथापि पॅक्लिटॅक्सेलचा शोध परंपरेच्या आधारे लागला नाही. तो हजारो वनस्पतींच्या सरसकट चाचपणीतून लागला. शिवाय यूची पाने विषारी असतात. त्यांचा काढा म्हणजे पॅक्लिटॅक्सेल नव्हे.

पूरक उपचारांनाही हीच कसोटी लावावी लागते. पॅक्लिटॅक्सेलमुळे हातापायांना मुंग्या व बधिरता येते. तिला आळा बसावा म्हणून ॲसिटिल-एल-कार्निटिन या पूरक द्रव्याची शिफारस होत असे. टॅक्सेन वर्गातील औषधे घेणाऱ्या, स्तनाच्या कर्करोगाच्या चारशेहून अधिक रुग्णांवरील २०१३ च्या अमेरिकी चाचणीत त्याने बधिरता उलट वाढल्याचे दिसले. ॲक्युपंक्चरची गोष्ट निराळी. बेलफास्टमधील जॉन डंडी यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांनंतर, १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञमंडळाने केमोथेरपीनंतरच्या मळमळीवर त्याची उपयुक्तता मान्य केली.

खरा धोका 'जोडीला' हा शब्द गळून पडतो तेव्हा उद्भवतो. २०१८ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट व मोठे आतडे यांच्या कर्करोगाच्या नोंदी तपासल्या. पूरक उपचार घेणाऱ्यांत शस्त्रक्रिया, केमोथेरपी किंवा किरणोपचार नाकारण्याचे प्रमाण अधिक, आणि मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट आढळला. नाकारलेले उपचार हिशेबात धरल्यावर हा फरक उरला नाही.