मॅकी, माकी की हिल? डिअर कॅम्पच्या गप्पा आणि आडनावांची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका जोकने.

एइनो आणि तोइवो हे दोन दोस्त. जंगलात त्यांनी एक मोठं हरिण मारलंय आणि मागचे पाय धरून ते ट्रककडे ओढत नेतायत. शिंगं सारखी झुडपात अडकतात. वाटेत तिसरा शिकारी भेटतो. तो म्हणतो, "अरे बाबांनो, शिंगांना धरून ओढा, सोपं जाईल." दोघं तसं करतात. थोड्या वेळाने एइनो म्हणतो, "खरंच की रे, किती हलकं वाटतंय!" तोइवो म्हणतो, "हो, पण ट्रक लांब लांब चाललाय."

आपल्याकडे झंप्या-गंप्या, तिकडे एइनो-तोइवो. तिकडे म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तरेला, लेक सुपीरियरच्या काठावर, जिथे हिवाळ्यात माणूसभर बर्फ पडतो. या भागाचं नाव अप्पर पेनिन्सुला. लोक त्याला 'यूपी' म्हणतात आणि तिथला माणूस 'यूपर'. (आपलं यूपी वेगळं, त्यावर कधीतरी वेगळा भाग करू.) 'यूपर' हा शब्द २०१४ मध्ये मेरियम-वेबस्टरच्या डिक्शनरीत गेला, तेव्हा तिकडे बऱ्यापैकी सेलिब्रेशन झालं.

दरवर्षी १५ नोव्हेंबरला तिथे बंदुकीने हरिण मारायचा सीझन उघडतो आणि ३० तारखेपर्यंत चालतो. पहिल्या दिवशी कित्येक शाळांना सुट्टी असते. आजोबा, काका, भाऊ, मेहुणे असा सगळा गोतावळा जंगलातल्या लाकडी खोपटात जाऊन राहतो. ते खोपटं म्हणजे 'डिअर कॅम्प'. आत लाकडावर चालणारी शेगडी, एकावर एक बाकडी, युकर नावाचा पत्त्यांचा डाव, बीअर, आणि जमलं तर बाजूला सॉना. खायला पास्टी. म्हणजे बटाटा, मांस आणि सलगम भरलेली मोठी करंजीच समजा.

शिकार हे निमित्त. खरा कार्यक्रम एकमेकांची खेचण्याचा. नेम चुकला की त्या माणसाच्या शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीला ठोकतात, आणि मग पुढची वीस वर्षं त्याला ते ऐकवतात. ज्याला आयुष्यात एकही हरिण मिळालं नाही तो तर कायमचा टार्गेट. जेफ डॅनियल्सने यावर 'एस्कनाबा इन द मूनलाइट' नावाचं अख्खं नाटक लिहिलं आणि २००१ मध्ये त्याचा सिनेमाही केला. चाळिशी उलटलेल्या ज्या हिरोला एकही हरिण मारता आलेलं नाही, त्याची ही गोष्ट.

आता जरा नावांकडे बघा. एइनो आणि तोइवो ही फिनलंडमधली नावं आहेत. पास्टी आली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून. मग ही मंडळी मिशिगनच्या जंगलात कशी पोचली?

तांब्यामुळे. १८४० च्या दशकात इथे तांब्याच्या खाणी सुरू झाल्या. कॉर्नवॉलचे खाणकामगार आधी आले, कारण जमिनीखालचं काम त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. त्यांना 'कझन जॅक' म्हणायचे. का, तर जागा रिकामी झाली की हे लोक म्हणे लगेच सांगायचे, "आमचा चुलतभाऊ जॅक आहे ना, त्याला बोलवा." (रेफरल बोनसशिवायचं रेफरल!) ही व्युत्पत्ती खरी मानावी की गमतीत घ्यावी, हा प्रश्नच आहे, पण दीडशे वर्षं सांगितली जातेय. कॉर्निश आडनावांबद्दलही एक जुनी म्हण आहे, की ट्रे, पोल आणि पेन या अक्षरांवरून कॉर्निश माणूस ओळखावा. कॉर्निश भाषेत ट्रे म्हणजे वस्ती, पोल म्हणजे डबकं किंवा तळं, पेन म्हणजे टोक. म्हणजे आडनावात गावाचा पत्ता.

१८६० च्या दशकात हॅनकॉकच्या क्विन्सी खाणीने उत्तर नॉर्वेतून कामगार आणले आणि त्यांच्यात फिनिश लोक होते. त्यानंतर ओघ वाढतच गेला. पहिल्या महायुद्धापर्यंत तीन लाखांहून जास्त फिन अमेरिकेत आले, आणि त्यातले खूपसे मिशिगन आणि मिनेसोटाच्या खाणपट्ट्यात.

कॅम्पमध्ये अजून ऐकू येणारं इंग्रजी या लोकांनी घडवलं. फिनिशमध्ये 'अ', 'द' असली आर्टिकल्स नाहीत, आणि 'टू'चं काम शब्दाला प्रत्यय लावून होतं, आपल्या 'घरी', 'गावाला'सारखं. म्हणून यूपर माणूस "लेट्स गो कॅम्प" म्हणतो. मधलं 'टू द' गायब. मराठी मीडियमवाल्यांना यात काही चुकीचं वाटणार नाही, आणि वाटूही नये. घरच्या म्हणीही टिकल्या. फिनिशमध्ये एक म्हण आहे, 'ओमा तुपा, ओमा लुपा'. तुपाचा तुपाशी संबंध नाही. अर्थ असा, की स्वतःची खोली असेल तर परवानगीही स्वतःचीच. जंगलातल्या खोपटाला यापेक्षा चांगली पाटी सापडणार नाही.

आणि याच शेगडीभोवती अजून एक गोष्ट हमखास सांगितली जाते. आडनावाची. "आमचं खरं आडनाव एवढं लांब होतं. पणजोबा एलिस आयलंडला उतरले, तिथल्या क्लार्कला ते लिहिता येईना, त्याने कापून छोटं केलं." फिनिश घरात ही गोष्ट आहे, इटालियन घरात आहे, पोलिश घरात आहे. ज्यू लोकांचा यावरचा जोक तर क्लासिक आहे. घाबरलेला माणूस क्लार्कला यिडिशमध्ये म्हणतो, "शोइन फरगेसन", म्हणजे "विसरलोच बघा". आणि क्लार्क लिहितो, 'शॉन फर्ग्युसन'!

जोक मस्त आहे, पण त्याच्यामागचा इतिहास चुकीचा आहे.

एलिस आयलंडचं स्टेशन १ जानेवारी १८९२ ला सुरू झालं आणि १९५४ ला बंद झालं. जवळपास सव्वा कोटी माणसं तिथून आत गेली. १७ एप्रिल १९०७ या एका दिवसात ११,७४७. पण तिथले इन्स्पेक्टर नावं लिहीत नव्हते, तपासत होते. प्रवाशांची यादी जहाज कंपनीचे कारकून बंदर सोडण्याआधीच बनवायचे. इन्स्पेक्टरच्या हातात तीच यादी असायची आणि तो त्यातले प्रश्न पुन्हा विचारून उत्तरं जुळतात का बघायचा. आपल्या भाषेत, डेटा एंट्री युरोपात झालेली, न्यूयॉर्कला फक्त व्हेरिफिकेशन. शिवाय दुभाषे होते. न्यूयॉर्कचा पुढे गाजलेला मेयर फिओरेल्लो ला गार्डिया १९०७ ते १९१० मध्ये तिथे दुभाष्याचं काम करायचा. 'द गॉडफादर'च्या दुसऱ्या भागात (१९७४) छोट्या व्हितो अँदोलिनीचं आडनाव गावावरून कॉर्लिओने होतं, तो सीन आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलाय. सीन जबरदस्त आहे, पण पुरावा नाही.

मग नावं बदलली कुठे?

फिनिश लोकांच्या बाबतीत पहिला बदल घर सोडण्याआधीच झालेला असायचा. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात होतं, पण चर्चची दप्तरं बराच काळ स्वीडिश भाषेत. घरात जो युहो, तो दप्तरात योहान.

दुसरी गंमत मला सगळ्यात आवडते. पश्चिम फिनलंडमध्ये आडनाव माणसाचं नसायचं, शेताचं असायचं. तुम्ही मॅकी नावाच्या वाडीवर राहता, तर तुम्ही मॅकी. उद्या निएमी वाडीवर राहायला गेलात, तर निएमी. लग्न करून बायकोच्या वाडीवर गेलात, तर पुरुषाने बायकोच्या वाडीचं नाव घ्यायचं. दोन सख्ख्या भावांची दोन आडनावं, आणि कुणाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. म्हणजे आपण ज्याला प्रायमरी की समजतो तो तिकडे 'करंट ॲड्रेस'चा कॉलम होता. पूर्व फिनलंडमध्ये 'नेन'ने संपणारी वंशपरंपरागत आडनावं होती, पण अख्ख्या देशात आडनाव कायद्याने सक्तीचं झालं ते १९२० च्या कायद्याने. तोपर्यंत बहुतेक फिन अमेरिकेत पोचलेसुद्धा होते.

आपल्या '-कर'वाल्यांना हे लगेच कळेल. दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशी गावावरून मंगेशकर हे नाव घेतलं, हे सगळ्यांना माहीत आहे. कोकणातले बेने इस्राएल ज्यू पेणकर, रोहेकर, केहीमकर झाले आणि पुढे इस्राएलला जाताना पेण आणि रोहा सोबत घेऊन गेले. फरक एवढाच, की आपलं '-कर' गाव सोडल्यावर चिकटतं, आणि फिनिश वाडी सोडली की तिचं नाव सुटायचं.

तर असा माणूस मिशिगनच्या खाणीत आला. पगाराच्या रजिस्टरला दरवर्षी बदलणारं आडनाव चालत नाही. मग 'मॅकिनेन'मधलं 'नेन' गेलं, 'ए'वरचे दोन टिंब गेले, आणि उरलं ते 'माकी' असं वाचता येईल असं स्पेलिंग. मॅकी म्हणजे टेकडी, म्हणून कुणी सरळ भाषांतर करून 'हिल' झाला. यार्वीचा 'लेक' झाला. हे कुणी लादलं? थोडं मुकादमाने, थोडं शाळेतल्या बाईंनी, आणि खूपसं स्वतःच. तेव्हा अमेरिकेत नाव बदलायला कोर्टात जायची गरजही नव्हती. नवीन नाव वापरायला लागायचं, फसवणूक नसेल तर तेच तुमचं नाव. नावं खऱ्या अर्थाने गोठायला लागली ती १९३६ नंतर, सोशल सिक्युरिटीचे नंबर आल्यावर.

आता प्रश्न असा, की स्वतःच बदललं तर घरात क्लार्कची गोष्ट कशाला सांगायची?

इथे कॅम्पमधल्या हशाखालचं जड काहीतरी हाताला लागतं. १९०७ मध्ये मिनेसोटाच्या मेसाबी लोखंडपट्ट्यात मोठा संप झाला. संपात फिन पुढे होते. संप फुटला आणि शेकडो फिन ब्लॅकलिस्टवर गेले. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९०८ मध्ये, जॉन स्वान नावाच्या फिनिश माणसाचा नागरिकत्वाचा अर्ज सरकारी वकिलाने अडवला. मुद्दा काय, तर फिन हे 'मंगोल' आहेत, गोरे नाहीत, आणि तेव्हाच्या कायद्यात नागरिकत्व फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना. जज विल्यम कँटने निकाल स्वानच्या बाजूने दिला. (याच कायद्याखाली मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा १९१० मध्ये 'गोरे' ठरले आणि भगतसिंग थिंड १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टात 'गोरे नाहीत' ठरले. लॉजिक शोधू नका.)

मग १९१३. जुलैमध्ये मिशिगनच्या तांब्याच्या खाणींत संप सुरू झाला. २४ डिसेंबरला कॅल्युमेटच्या इटालियन हॉलमध्ये संपकऱ्यांच्या मुलांसाठी ख्रिसमसची पार्टी होती. कुणीतरी "आग!" असं ओरडलं. आग नव्हतीच. जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ७३ माणसं मेली. त्यात बहुतेक लहान मुलं होती आणि बरीचशी फिनिश घरातली. कोण ओरडलं ते आजवर सिद्ध झालेलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये संप मोडला. कित्येक फिन तिथून निघाले, कुणी पडीक जमिनीवर शेती करायला, कुणी डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत.

आता विचार करा. तुम्ही अशा कुटुंबातले आहात, खाणीच्या गेटवर नोकरी मागायला उभे आहात, आणि तुमच्या आडनावातच 'हा फिन आहे, म्हणजे संपवाला असणार' असं लिहिलंय. 'हिल' नाव घातलं तर किमान आत बोलावतील. हे तुम्ही नातवाला कसं सांगाल? "मी घाबरलो होतो" असं सांगाल, की "तो क्लार्क मूर्ख होता" असं? दुसऱ्या गोष्टीत पणजोबांची लाज राहते आणि वर हशाही मिळतो. शिवाय ती दहा सेकंदांत सांगून होते, त्यामुळे टिकते. मला वाटतं ही गोष्ट कुणी लबाडीने रचली नाही. शेगडीभोवती सांगता येईल एवढाच भाग उरला.

फिनिशमध्ये एक म्हण आहे, की माणसानेच नाव खराब केलं नाही तर नाव काही माणसाला खराब करत नाही. १९१४ मध्ये खाणीच्या गेटवर ती म्हण फार उपयोगाची नव्हती.

जाता जाता हाइक्की लुंताबद्दल सांगतो. यूपीतला बर्फाचा देव. बर्फ हवा असेल तर त्याची प्रार्थना करायची. प्राचीन फिनिश दैवत वाटतं ना? त्याचा जन्म १९७० चा. ॲटलांटिक माइन गावात स्नोमोबाइलची रेस होती आणि बर्फच पडत नव्हता. डेव्हिड रिउट्टा नावाच्या माणसाने बर्फ पाडणाऱ्या हाइक्कीचं एक गाणं बनवलं, ते रेडिओवर वाजलं, आणि मग बर्फ असा पडला की हाइक्कीला आवरतं घ्यायला सांगणारं दुसरं गाणं करावं लागलं. नाव कुठून आलं? कंट्री गायक हँक स्नो. हँक म्हणजे हेन्री, त्याचं फिनिश रूप हाइक्की. स्नोचं झालं लुंता. मॅकीचा हिल करणाऱ्यांच्या नातवंडांनी यावेळी भाषांतर उलट्या दिशेने केलं होतं.