वरातीचा डीजे आणि रेडिओचा डीजे

हिप-हॉपच्या रेडिओ डीजेची कारकीर्द तपासायची तर त्याचा आवाज आणि लोकप्रियता जरा बाजूला ठेवावी लागते. पाहायची ती तीन कामे: गाणे निवडणे, गाणे घडवणे आणि घडवलेल्यावर हक्क राखणे. निवडीने नाव होते, घडणीने शैली ठरते, पैसा मात्र हक्काकडे जातो. हे गणित न्यूयॉर्कला जसे लागू पडते तसेच बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातल्या जानेफळसारख्या गावच्या डीजेवाल्यालाही लागू पडते.

न्यूयॉर्कचा नमुना मार्ली मार्ल, खरे नाव मार्लन विल्यम्स. क्वीन्सब्रिज या सरकारी घरांच्या वस्तीतला हा तरुण १९८०च्या दशकात डब्ल्यूबीएलएस केंद्रावर मिस्टर मॅजिकच्या रॅप कार्यक्रमात तबकड्या लावत असे. घरात रेकॉर्डिंगची सामग्री मांडलेली होती. तिथे घडवलेले गाणे रेडिओवर लावायचे, श्रोते काय म्हणतात ते पाहायचे आणि पुढचे गाणे त्या अंदाजाने बांधायचे. निवडणारा आणि घडवणारा एकच असल्यामुळे दोन्ही कामे एकमेकांना सुधारत गेली. रोक्सान शांटे या शाळकरी मुलीचे १९८४ सालचे ‘रोक्सान्स रिव्हेंज’ याच रीतीने पुढे आले. तिच्यासह एमसी शान, बिझ मार्की, बिग डॅडी केन हे सगळे ‘ज्यूस क्रू’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

त्याचे खरे योगदान तांत्रिक आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे. तेव्हाच्या ड्रम मशीनचे ठोके कोरडे, एकसुरी वाटत. मार्लीने जुन्या तबकडीवरून ड्रमचा एकच ठोका सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाजाचा तुकडा साठवून हवा तेव्हा वाजवणाऱ्या यंत्रात, उचलला. पूर्ण ओळ उचलली तर मूळ वादकाची लय आपल्यावर बसते. सुटा ठोका उचलला तर लय आपली राहते आणि नाद मात्र खऱ्या कातड्याचा, खऱ्या खोलीचा मिळतो. पुढच्या दशकातले बहुतेक हिप-हॉप या एका युक्तीवर उभे आहे. १९८८ साली ‘इन कंट्रोल, व्हॉल्यूम १’ हा अल्बम त्याने स्वतःच्या नावावर काढला. पडद्यामागचा माणूस मुखपृष्ठावर आला.

तिसऱ्या कामाचा हिशोब पुढे चुकता झाला. डिसेंबर १९९१मध्ये ज्यूस क्रूच्याच बिझ मार्कीविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयाने निकाल दिला: गिल्बर्ट ओ’सुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा विनापरवाना वापरता येणार नाही. त्यानंतर उचललेल्या प्रत्येक तुकड्याची परवानगी घ्यावी लागू लागली, आणि ती स्वस्त नव्हती.

आपल्याकडे रेडिओने हा रस्ता कधी बांधलाच नाही. अमीन सयानी यांनी १९५२पासून रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सादर केली. गाण्यांची क्रमवारी सांगण्याचा त्यांचा दरारा मोठा, पण गाणी बनत चित्रपटाच्या स्टुडिओत. २००१ साली खासगी एफएम आले तेव्हाही परवाने शहरांच्या लिलावातून गेले आणि वाजली प्रामुख्याने चित्रपटगीतेच. त्यामुळे मराठी मुलखातले रॅप रेडिओला वळसा घालून वाढले, आधी ऑर्कुटवरच्या शब्दांच्या झुंजीत, मग यूट्यूबवर. पुण्याच्या एमसी स्टॅनने स्वतःचे बीट स्वतः बनवले, २०२०मध्ये ‘तडीपार’ काढला आणि २०२३मध्ये तो ‘बिग बॉस’ जिंकला. या चढणीत रेडिओ निवेदकाचा वाटा शोधूनही सापडत नाही.

मग खेड्यात निवडीचे काम कोणी केले? माझ्या मते वरातीच्या डीजेवाल्याने. कोणत्या गाण्यावर पोरे थांबतात, कुठला ठेका आला की नवरदेवाची घोडी पुढे सरकत नाही, हे त्याला त्याच रात्री कळते. रेडिओवाल्याला असली पावती पत्रातून आठवड्यांनी मिळे. तो लॅपटॉपवर जुन्या लोकगीताला किंवा भीमगीताला नवा ढोल जोडतो, मध्येच आपल्या नावाची आरोळी घालतो आणि ते रीमिक्स मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डांत भरून तालुकाभर फिरते. नावाची ती आरोळी हा त्याचा एकमेव शिक्का. कायद्याला तो दिसत नाही.

कायदा इथे दोन तोंडांनी बोलतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२नुसार धार्मिक समारंभात, आणि त्यात लग्नाची वरात स्पष्टपणे धरलेली आहे, गाणे वाजवणे हा भंग नाही. पण त्याच गाण्याचे रीमिक्स करून यूट्यूबवर टाकायचे तर मूळ ध्वनिमुद्रणाच्या मालकाची परवानगी लागते. म्हणजे वाजवण्याला मोकळीक, घडवण्याला अडसर आणि हक्काच्या नावाने शून्य. बिझ मार्कीला जो दणका प्रसिद्धीनंतर बसला तो आपल्या डीजेवाल्याला पहिल्याच पायरीवर बसतो. हुनर कमी पडले म्हणून त्याची कारकीर्द खुंटते, असे मला वाटत नाही.

शेजारच्या जळगाव जिल्ह्याने तोड दाखवली आहे. संजू राठोड हा तिथल्या बंजारा समाजातला तरुण. फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या ‘गुलाबी साडी’चे शब्द, चाल आणि गायन त्याचे, संगीतनिर्मिती जी-स्पार्कची. हे रॅप नव्हे, नाचाचे पॉप गाणे आहे. पण बीटकार आणि गायक या जोडीची कामाची रीत हिप-हॉपचीच. जुन्या गाण्याचे रीमिक्स नसल्यामुळे मूळ मालकाच्या दारात जाण्याचा प्रश्नच आला नाही. शिवाय कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा बांधून दिला आहे की कंपनीला तो करारातही लिहून घेता येत नाही.

जानेफळ-मेहकरच्या डीजेवाल्यांना म्हणूनच सांगणे आहे: दुसऱ्याच्या गाण्याला ढोल जोडण्याआधी गावातल्या डफड्याचा आणि संबळाचा एकेक ठोका फोनवर स्वच्छ रेकॉर्ड करून ठेवा, वाजवणाऱ्याची संमती व मोबदला कागदावर लिहा, आणि पहिले स्वतःचे गाणे त्यावर बांधा.