गोडं पाणी कुठवर पोचतं?

नेरळमध्ये राहणाऱ्याला समुद्र सहसा आठवत नाही. इथे माथेरानचा डोंगर, भातशेती आणि पावसाळ्यात काठोकाठ वाहणारी उल्हास. पण हीच नदी बदलापूर ओलांडून कल्याणच्या खाली गेली, की खाडी होते. तिथे गोडं आणि खारं पाणी रोज एकमेकांना रेटतं. वरचा प्रवाह आटला, की खारं आत शिरतं. म्हणून आमच्या शेताचं पाणी हा फक्त आमचा प्रश्न नाही.

मुळात उन्हाळ्यात उल्हासला पाणी येतं कुठून? घाटावरच्या आंध्रा नदीतून. ही नदी भीमेच्या खोऱ्यातली, म्हणजे पूर्वेकडे जाणारी. टाटांनी ठोकरवाडीला धरण बांधून तिचं पाणी पश्चिमेला वळवलं. १९२२ पासून ते भिवपुरीला वीज करतं आणि उल्हासकडे येतं. त्याच पाण्यावर राजनाला चालतो आणि कर्जत तालुक्यात उन्हाळी भात उभं राहतं. मात्र जनित्रं फिरतात ती विजेच्या गरजेनुसार, भाताच्या नाही. शिवाय खाली ठाणे जिल्ह्यातली शहरं आणि कारखाने याच नदीतून पाणी उचलतात.

आता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पेण-अलिबागच्या खारेपाटात जाऊ. तिथली जमीन माणसांनी खाडीकडून मिळवली. मातीचा बांध घालायचा, त्यात उघाडी बसवायची. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला झडप मिटते. पावसाने मीठ धुतलं, की भात लावायचं. उधाणात बांधाला खांड गेली, तर शेतात खारं पाणी भरतं आणि ती जमीन एका पावसात सुधारत नाही.

बांध राखायला कष्ट कुळांचे आणि पिकाचा मोठा वाटा खोताचा. याविरुद्ध १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीचा संप सुरू झाला. डॉ. आंबेडकरांचा त्याला पाठिंबा होता. कुळांनी १९३९ पर्यंत शेतं पडीक ठेवली, उपाशी राहिली, पण मागे हटली नाहीत. पुढे कुळकायद्यांनी जमीन कसणाऱ्याकडे आली. मग प्रश्न उरला, बांध कोण राखणार? १९४८ चा खारजमीन कायदा आणि १९७९ चा खारभूमी विकास कायदा ही सरकारची उत्तरं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारं सोसणाऱ्या भाताच्या जातीही दिल्या.

पण बांध खारं पाणी अडवतो, गोडं आणून देत नाही. पेणजवळ हेटवणे धरण झालं. त्याचं पाणी नवी मुंबईला पोचलं, खारेपाटातल्या शेतांसाठीचे कालवे मात्र वर्षानुवर्षं रखडले.

आज घाटावरून मागणी येते, की टाटांच्या धरणांचं पाणी पुन्हा पूर्वेला सोडा. दुष्काळी भागातल्या माणसाची तहान खोटी नाही. पण हे पाणी वळवून शंभर वर्षं झाली, आणि त्यावर इकडेही शेतं, गावं, शहरं उभी राहिली. पाण्याची वाटणी करताना धरणातला साठा मोजला जातो, कारखान्याचा कोटा ठरतो, शहराचा ठरतो. खाडीला मागे रेटण्यासाठी नदीत किती पाणी राहू द्यायचं, याचाही आकडा त्या हिशेबात हवा. नाहीतर वरच्यांची भांडणं मिटेपर्यंत खालच्या शेतात मीठ चढलेलं असेल.